खिडकीजवळची खुर्ची

कागदाची नव्हे बरं का, कॉम्प्युटरमधली एक शीट बोलतेय मी. एका हॉस्पिटलात डायलिसिसची खोली आहे. तिथे कोणत्या खुर्चीवर कोण, कोणत्या वारी, सकाळी की दुपारी, हे सगळं माझ्यात लिहिलेलं असतं. मला ठेवलंय सगळ्यांच्या सामायिक ड्राइव्हवर, म्हणजे जो तो आपापल्या टेबलावरून मला उघडतो. उघडतो, पण बंद करायचं नाव नाही!

थोरल्या सिस्टरने मला जन्माला घातलं. चौकटी आखल्या, रंग भरले आणि कौतुकाने बघत बसली. तेव्हा मलाही काहीबाही वाटायचं. मग रोजचं रडगाणं सुरू झालं. एकाने मला उघडलं की बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. त्यांनी काही लिहून जतन करायला घेतलं की पडद्यावर पाटी येते, 'फाइल दुसरीकडे उघडी आहे.' मग "कोणी उघडी ठेवलीय रे?" अशी खोल्याखोल्यांतून विचारपूस, आणि सगळ्यांचे हात वर. शेवटी वैतागून कॉपी करून ठेवतात. माझ्या इतक्या कॉप्या झाल्यात, की त्यातली खरी कोणती हे मीही विचारत नाही. नाव आलं काय, गेलं काय, मला आता काहीच वाटत नाही.

खिडकीजवळच्या खुर्चीवर एक आजी यायच्या. त्या वारल्या. त्यांच्या मुलाने थोरल्या सिस्टरला कळवलं. तिने आजींचं नाव पुसून तिथे एका शिंपीकाकांचं घातलं. काकांचं आधीचं हॉस्पिटल बंद पडलं होतं, पाय सुजले होते, दोन पावलं चालले की धाप लागायची. "उद्या सकाळीच या काका, जागा झालीय," तिने फोनवर सांगितलं. आणि जतन करायला गेली, तर पाटी! मोठ्या डॉक्टरांनी मला आपल्या खोलीत उघडलं होतं आणि खोलीला कुलूप घालून ते रजेवर गेले होते. कॉम्प्युटर चालूच. सिस्टरने कपाळाला हात लावला, आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये कॉपी ठेवली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती.

सकाळी धाकट्या सिस्टरने मला उघडलं. माझ्यात अजून आजीच.

"काका, तुमचं नाव नाही हो इथे."

"अहो, कालच फोन आला होता," काकांची सून म्हणाली. "आणि ती खुर्ची तर रिकामीच दिसतेय!"

"ती आजींची. त्यांना होतो कधी कधी उशीर. बसा जरा."

काका बाहेर बाकावर बसले. श्वास घेताना त्यांचे खांदे वरखाली होत होते. सून पुन्हा दारात आली, पुन्हा तेच उत्तर घेऊन गेली. थोरल्या सिस्टरचा फोन लागेना. मी तिथेच होते. आजींचं नाव ठळक दाखवत होते.

शेवटी धाकटीने आजींच्या घरी फोन लावला. "आजी निघाल्या का हो? खुर्ची अडून राहिलीय."

पलीकडे मुलगा होता. तो म्हणाला, "आई गेली हो. कळवलं होतं तुम्हाला."

धाकटीने रिसीव्हर ठेवला. धावत जाऊन काकांना आत घेतलं, स्वतःच्या हाताने मशीन लावलं. पण दुपारी त्या खुर्चीवर दुसऱ्याची पाळी होती. काकांना डायलिसिस अर्धंच मिळालं.

मग कॉम्प्युटरवाला आला, किल्ली मागवून त्याने डॉक्टरांची खोली उघडली. "हे बघा, इथे अडकली होती!" म्हणत मला बंद केलं. धाकटीने आजींचं नाव पुसलं, काकांचं लिहिलं, जतन केलं. पाटी आली नाही. इतकं सोपं होतं.

आता धाकटी आधी खुर्च्या बघते, मग मला उघडते. बाकीच्यांचं जुनंच चाललंय. माझं मागणं मोठं नाही. काम झालं की मला बंद करून जा. खिडकीजवळच्या चौकटीत आता काका आहेत. ते येईनासे होतील तेव्हा त्यांचं नाव वेळेवर पुसा. नाहीतर त्यांच्या सुनेलाही असाच कोणीतरी फोन करेल, काका निघाले का म्हणून.