ब्रेकच्या दिवशीसुद्धा

"मग जीप बंद करा की," चांगदेव ड्रायव्हर स्वतःच म्हणाला आणि खोलीतले सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. जीप दर रविवारी डॉक्टरांच्या घरच्यांना वज्रेश्वरीच्या कुंडांवर न्यायची, हे कोणाला ठाऊक नव्हतं? डॉक्टर म्हणाले, पेट्रोलच्या खर्चाचा हेड वेगळा आहे, तो यात येत नाही.

चौऱ्याहत्तर साल होतं. महागाई भडकली म्हणून सरकारने काटकसर काढली होती आणि भिवंडीतल्या आमच्या दवाखान्याला परिपत्रक आलं होतं, एक माणूस कमी करा. कोण, ते ठरवायला आम्ही जमलो होतो. मी कलावती, बाळंतपणाच्या खोलीतली आया. दाराशी उभी होते, पण मला घोर नव्हता. युनियनचा केसरीनाथ होता ना, आमचा कंपाउंडर. आदल्या वर्षी महागाई भत्त्यासाठी संप झाला तेव्हा तो फाटकावर घसा फोडून विचारायचा, काटकसर गरिबाच्याच पोटावर का? मी अकरा दिवस त्याच्याशेजारी उन्हात बसले. मी हंगामी, मला भत्ता मिळणारच नव्हता. तरी बसले, आपली माणसं म्हणून.

वाद तासभर रंगला. वरच्यांनी आधी सोसावं, यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग केसरीनाथ माझ्याकडे न बघता बोलला.

"जो शेवटी लागला तो आधी जाईल. हाच न्याय."

मला बरंच वाटलं. माझी नऊ वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी थेट कायम जागेवर आलेल्या जाईबाईला नाळ बांधायला मीच शिकवलं होतं.

त्याने हजेरीपुस्तक उघडलं. त्यात माझी नोकरी अडीच महिन्यांची निघाली. हंगामी माणसाला दर तीन महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे, म्हणजे नोकरी सलग धरायला नको. त्याला ब्रेक म्हणायचे. त्या दिवशी सही नाही, पगार नाही. मी मात्र यायची. अडलेली बाई काय ब्रेक बघून कळा देते? आणि ये म्हणून निरोप धाडणारा केसरीनाथच असायचा.

"केसरीदादा, नऊ वर्सं झाली. तुमाला म्हायती हाय," मी म्हटलं.

"मला माहितेय गं. कागदाला माहीत नाही ना."

सगळ्यांनी हात वर केले. चांगदेवनेही, जरा उशिरा. सरकारचं मला काही वाटलं नाही, ते कुठे मला ओळखत होतं? पण ह्यांनी माझा केसाने गळा कापला.

तिसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथ सायकल मारत माझ्या दारात. निजामपुऱ्यातली एक पहिलटकरीण अडली होती, मूल पायाळू, डॉक्टर ठाण्याला मीटिंगला आणि जाईबाईने असं बाळंतपण कधी केलं नव्हतं. त्या कागदालाच ने, असं अगदी तोंडावर आलं होतं माझ्या. पण त्या पोरीने माझं काय वाकडं केलं होतं? गेले. दीड तासाने मुलगी झाली, रडली. आईही वाचली.

मी हात धूत होते तेव्हा केसरीनाथ जवळ आला. मनापासून खूश होता.

"तुझ्याशिवाय चालत नाही बघ. अडलं की निरोप धाडीन, येत जा. ब्रेकच्या दिवशी यायचीस तशी."

त्याला लाज वाटत नव्हती. उलट माझा मान ठेवतोय, असंच त्याला वाटत होतं. ही सवय मीच लावली होती, नऊ वर्षं. मला त्याच्यापेक्षा माझाच राग आला.

मी चपला घातल्या. आतून जाईबाईची हाक आली, "कलावती, गरम पाणी आण गं." पाय आपसूक चुलीकडे वळले. मग मी ते फिरवले आणि फाटकाबाहेर पडले. हाक आणखी दोनदा आली.