गल्लीचं सुख, शून्य ते दहा

प्रश्न १. आयुष्याबाबत तुम्ही किती समाधानी आहात?

सुरतेत, डिंडोलीतल्या त्या खानदेशी गल्लीला उत्तर आठवडाभर आधीच पाठ होतं. दोन. सरलाबाईने प्रत्येकीकडून घोकून घेतलं होतं. सरकार म्हणे यंदा लोकांचं सुख मोजून पैसा वाटणार. ज्या गल्लीचा आकडा खाली, तिथे नळ आधी. आणि बावीस वर्षं टँकरमागे पळून सरलाबाईचे गुडघे कामातून गेले होते.

"शून्यच सांगू ना," शेजारची सुमन म्हणाली.

"शून्य खोटं वाटतं. दोन. आणि हसायचं नाही. मंदा, तू तर तोंडच मिटून ठेव."

प्रश्न १, प्रत्यक्षात.

टॅबलेट घेऊन आलेली पोरगी दारात चपला काढून गुजरातीत सुरू झाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हाव माय, मंग करस फोन," ती आईला अहिराणीत म्हणाली.

सरलाबाईचे कान टवकारले. "कोन गावनी शे तू?"

"बेटावदनी. मी नूतन."

बेटावद म्हणजे सरलाबाईचं माहेर. आता माहेरच्या माणसासमोर कुठली बाई सासरचं रडगाणं गाते? ते माणूस गावी पोचायच्या आधी बोलणं आईपर्यंत पोचतं. आणि आईची तर बावीस वर्षं खात्री होती, की लेकीच्या ओट्यावर नळ आहे. गरम पाण्याचासुद्धा.

"तर मावशी, शून्य ते दहा?"

"दहा."

भिंतीपलीकडे सुमनच्या हातून डबा पडला.

प्रश्न २. पाण्याची सोय?

"भरपूर! नळ बंद करायला विसरतो आम्ही."

प्रश्न १, शेजारी.

बेत बदलला, असं सुमनला वाटलं. तिने दहा सांगितले. मंदाने दहा सांगितले आणि वर मनसोक्त हसली. सुखाची अशी साथ सगळ्या गल्लीत पसरली.

दुरुस्ती.

सरलाबाईने पिठाच्या गिरणीपाशी नूतनला गाठलं.

"पोरी, दहाचे दोन कर. नळ नाही. गरम नाही, गार नाही. पण गावी बोललीस तर माझी शपथ आहे."

नूतनने टॅबलेट पुन्हा उघडला. "मावशी, मी घरी पर्मनंट नोकरी सांगितली आहे. हे तीन महिन्यांचं काम आहे. तुम्ही सांगाल का माझ्या मायला?"

"मी कशाला सांगू? मी तर डोळ्यांनी पाहिलं, मोठी खुर्ची आहे तुला."

"आणि पंखा."

"एसी," सरलाबाई ठामपणे म्हणाली.

प्रश्न १, परत पहिल्यापासून.

दोघी पुन्हा घरोघर फिरल्या. सुमन लगेच दोनवर आली. बाकीच्याही उतरल्या. मंदा मात्र अडून बसली.

"माझे दहाच राहू द्या. आजवर कुणी विचारलं नव्हतं मला. दहा म्हटल्यापासून खरंच बरं वाटतंय."

"अगं, तुझ्या बरं वाटण्यापायी गल्लीचा नळ जाईल!"

"जाऊ दे. माझं सुख आहे, मी का उतरवू?"

सरलाबाईने हात जोडले. नूतनने सरासरी समजावून पाहिली. मंदा हलेना.

तेवढ्यात नाक्यावर टँकरचा हॉर्न वाजला. मंदाने दोन हंडे उचलले, पदर खोचला आणि धूम ठोकली.

"ए पोरी," ती वळणावरून ओरडली, "एक लिही, एक!"