चुंबक चिकटेना

गाडी दारात येऊन आठवडा झाला होता आणि आठवडाभर शिंपीणबाईंच्या तोंडी एकच कौतुक होतं, "माझ्या गुळ्याने आपली जुनी गाडी विकलीये मला. भावाची गाडी म्हणजे घरचीच." गुळ्या हा त्यांचा पाठचा भाऊ. बोलणं इतकं गोड, की हे नाव त्याला आईनेच ठेवलं होतं.

आज मात्र दोघा नवराबायकोंचा जीव टांगणीला लागला होता. गायनवृंदाचे चाळीस पांढरेशुभ्र झगे, वर चुकलंमाकलं तर असावा म्हणून एक जास्तीचा, उद्या सकाळी दहाला कोरडे ठणठणीत पोचायला हवे होते. दुकानाचं एवढं मोठं काम हे पहिलंच. आणि बाईंचे यजमान, मास्तर, गाडीच्या मागच्या भागात गुडघ्यांवर बसून सतरंजी पिळत होते.

"सर पडून गेली, पण मुक्काम हिच्या पोटात."

"तुम्हीच खिडकी उघडी टाकली असणार," बाई म्हणाल्या.

मास्तर खाली उतरले. सहज चाळा म्हणून त्यांनी टाचण्या वेचायचं चुंबक खिशातून काढून गाडीच्या अंगाला लावलं. ते टप्पकन खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. वीतभर पुढे सरकवलं, तर घट्ट बसलं. मग त्यांनी बोटाने वाजवून पाहिलं. इकडे टण्ण, तिकडे भद्द.

"हा पत्रा नाही गं. पुट्टी आहे, वर रंगाचा हात. इतकं बेमालूम ठिगळ मला जन्मात जमलं नाही."

बाईंचा चेहरा उतरला. चुंबक जिथे जिथे पडलं तिथे तिथे त्यांनी खडू ओढला. मागच्या दारापासून चाकापर्यंत लहान मुलाच्या सदऱ्याएवढा आकार निघाला. त्यांनी तडक फोन लावला.

गुळ्या आला, खडूची रेघ बघून दारातच घुटमळला. "ताई, ठोकलेली नाही गं. खांब आडवा आला."

"खांब चालत आला?"

"तो उभाच होता. मी मागे येत होतो."

"गाडीत बस. दार लाव."

"ताई, ऐक तर..."

"बस म्हणते ना! अहो, झारी आणा."

बाईंनी निळा खडू कुटून त्याची भुकटी आतल्या सगळ्या सांध्यांवर फुंकरली, म्हणजे पाण्याची वाट उमटेल. मग बाहेरून झारी धरली. मशीनवर बसल्या की गुणगुणायची सवय, ती इथेही सुटली नाही:

पाणी शिरतं शिरतं, काळ्या काचेच्या आडून
माझा पाठचा गं भाऊ, आत बसला दडून

"मानेवर! ताई, मानेवर पडलं!" आतून आरोळी आली.

निळ्या भुकटीत वाट स्पष्ट उमटली होती. पाणी शिरत होतं मागच्या दिव्यावरच्या तडकलेल्या सांध्यातून, आणि छताच्या कडेकडेने चालत जाऊन टपकत होतं पार मधोमध, नेमकं झगे टांगायच्या दांडीवर. गुळ्या धावत जाऊन सांधे बुजवायची नळी घेऊन आला. लेप लावून झाल्यावर मास्तरांनी तिच्यावरचा मजकूर वाचला. चोवीस तास पाणी लागू देऊ नये.

रात्रभर आभाळ गप्प राहिलं. झगे टांगून, तिघांना घेऊन गाडी निघाली आणि सर आली. ओला लेप सुटला. सांध्यांत अडकलेली भुकटी घेऊन थेंब खाली आला, तो निळा.

"निळे डाग!" बाई किंचाळल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मला भुकटी करू द्यायला?"

मास्तर गाडी थांबवायला जागा शोधू लागले. पण गुळ्या केव्हाच मागे सरकला होता. झगे एका कडेला सारून तो थेंबाखाली डोकं धरून बसला. तासभर हलला नाही. थेंब टाळूवर पडे, कानांवरून सदऱ्यात उतरे.

"जमतंय का रे?" बाईंनी विचारलं.

"भलतीकडे एक थेंब जाऊ देणार नाही, ताई."

चाळीसच्या चाळीस झगे कोरडे पोचले. गुळ्या तेवढा ओलाचिंब, कुडकुडत होता. म्हणून जास्तीचा झगा त्यालाच चढवला. वृंद झगे घालून रांगांत उभा राहिला, गुळ्याही त्यातच मिसळला; वृंदाच्या गुरुजींनी मोजणी केली आणि शेवटच्या रांगेकडे बोट दाखवलं, "हा एक्केचाळिसावा कोण? आणि याचे कान निळे का?"

बाईंनी भावाला बाजूला ओढलं आणि रुमाल ओला करून त्याचे कान पुसायला घेतले, लहानपणी पुसायच्या तसेच, अंमळ जोरात.

"सांगायचं होतंस रे. घेतलीच असती मी."

"रागावशील वाटलं."

"रागावलेच आहे. मान वळव." त्यांनी दुसरा कान धरला. "खांबाला फार लागलं नाही ना?"