तालमीतली चिमूटभर माती

कुशाबा वस्तादाच्या तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. पण तिथल्या मातीचा मान केवढा! ताक, तेल, हळद घालून मुरवलेली तांबडी माती. पोराचा गुडघा फुटो, कुणाला गळू होवो, मुळशीतल्या त्या वाडीत चिमूटभर माती चोपडली की झालं. नव्या बाळाच्या बेंबीवर तर ती हवीच.

साळूबाई वस्तादाची बायको. तिचा पहिला मुलगा जन्मल्यावर पाचवी पुजली आणि लगेच गेला होता. तोंड मिटलं ते उघडेना, दूध ओढेना, एवढंसं अंग कमानीसारखं ताठलं. "तूच माती लावाया उशीर केलास," असं कुशाबानं तेव्हा तिला ऐकवलं होतं, आणि तिनं ते मुकाट गिळलं होतं. पुढं कधीतरी पौडच्या दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, बेंबीला माती लावू नका, त्यानं धनुर्वात होतो. साळूबाई फणकारली, "आमची माती तसली न्हाई, बाई!"

आज तिची लेक लीला बाळंत झाली. मुलगा! गोजराबाई सुईणीनं नाळ कापली आणि हात पुढं केला, "माती आणा." बाप्ये सगळे कुस्त्यांच्या फडाला गेलेले. पुन्हा उशीर व्हायला नको. बंदी गेली चुलीत, म्हणत साळूबाईनं वाटी उचलली आणि तालमीचं दार ढकललं.

आत असा आंबूस दर्प की पदर नाकाला लावावा. कुस्तीच्या हौद्याच्या कडेनं थुंकलेले बेडके वाळलेले. पायाची नखं. गळवावरून सुटून पडलेली पुवाची चिंधी. अगं बाई, हिला आपण देवासारखं मानतो! तरी मन घट्ट करून तिनं मऊ मातीत हात खुपसला, तर बोटांना ओलं, गिळगिळीत काहीतरी लागलं. मांजराची घाण. ताजी. शेजारी उकरलं तर तिथंही, वाळून पांढरी पडलेली, पैलवानांच्या अंगाखाली चुरलेली. शी, शी, शी! ती दारातच भडभडून ओकली. घरी येऊन कोपरापर्यंत राखेनं हात घासले, तरी वास जाईना.

"काय बी लावायचं न्हाई," तिनं गोजराबाईला बजावलं. "उकळून घेतलेलं फडकं बांध."

सांजेला नातवाची बातमी ऐकून कुशाबा फडावरून परतला, तो वाटेत तालमीतून मुठीत माती घेऊनच आला. साळूबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"सर बाजूला. आधीच उशीर झालाय."

"लई पवित्र हाय न्हवं ही?"

"म्हंजी काय!"

"मग चिमूटभर तुमच्या जिभंवर ठिवा. मंग बाळाला लावू."

वस्तादाचा हात तोंडाकडं निघाला आणि ओठापाशी अडला. त्याचं नाक आकसलं. "मांजरं येत्यात गं कवा कवा," तो पुटपुटला. "दिसली घाण की काढून टाकतो आमी."

"आपल्या पयल्याच्या वक्ताला बी येत व्हती?"

कुशाबानं मातीची मूठ खाली घेतली. "व्हय."

तिच्या नाकात पुन्हा तोच वास भरला. पण आता वास मातीचा नव्हता, या माणसाचाच येत होता.

"आन् उशीर म्या केला व्हता," ती म्हणाली.

तिनं राखेचं गाडगं पायानं त्याच्याकडं सरकवलं. "हात घासा. घासलं तरी माज्या नातवाला शिवू नका."