बावीस मार्चचं शून्य

माझा धाकटा भाऊ सामात चारचौघांत माझी ओळख करून देतो ती अशी: "ही आमची अप्के, उंदरांची खानेसुमारी करते." अप्के म्हणजे थोरली बहीण. बाकीचंही खोटं नाही. कझाकस्तानच्या गवताळ मैदानातल्या उंदरांची किती बिळं भरलेली, किती रिकामी, त्यांच्या अंगावर पिसवा किती, हे आकडे मी अल्माटीत बसून सव्वीस वर्षं संगणकात घालते आहे. त्यावरून यंदा प्लेग कुठे डोकं वर काढेल ते गणितानं काढायचं. मी ज्या भागात धोका आहे म्हणते, तिथल्या उंटांना लस टोचतात. नाही म्हणते, तिथे गाडी फिरकतही नाही.

मे महिन्यातली मंगळवारची सकाळ. चहा पीत जुन्या नोंदी सहज चाळत होते आणि एका ओळीशी अडखळले. भाग चौदा, बावीस मार्च. तपासलेली बिळं शंभर, भरलेली शून्य.

बावीस मार्चला नौरिझ, आमचा नववर्षाचा सण. त्या दिवशी आमच्यात कोण बिळं तपासतं? घरोघरी कोझेची, सणाच्या पेजेची, पातेली चढतात आणि माणसं या घरातून त्या घरात खातच फिरतात. मी स्वतः चार वाट्या कोझे रिचवलं होतं. आणि ही तारीख मला दोन महिने खटकली नाही! त्या महिन्यातली सगळीच शून्यं खरी धरून मी 'धोका नाही' असं लिहून मोकळी झाले होते. चौदा नंबरात सामातचे उंट चरतात.

तिथली बिळं मोजतात ते म्हातारे सेइतकाझी आगा. त्यांना फोन लावला.

"आगा, नौरिझला तुम्ही बिळांवर गेला होता?"

"वेड लागलंय का पोरी? नौरिझला कोण जातं!"

"मग शंभर बिळं तपासली कुणी?"

"त्या आख्ख्या महिन्यात कुणीच गेलं नाही. बर्फ वितळून नदीनं रस्ता खाल्ला होता. मी रकाने कोरेच ठेवणार होतो. पण गेल्या साली तूच ओरडलीस ना माझ्यावर? कोरा रकाना माझा संगणक घेत नाही म्हणालीस. मग घातली शून्यं. आवडली ना तुझ्या संगणकाला?"

आवडली होती. आणि ओरडलेही होते, मीच.

ते रकाने पुसले, शेजारच्या भागांवरून अंदाज बांधला आणि गणित पुन्हा चालवलं. चौदा नंबर यादीत सगळ्यात वर आला.

सामातचा फोन लागेना. त्यांच्याकडे टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही. अकराव्या वेळी त्याच्या बायकोनं, उल्बोसिननं, उचलला.

"तुम्हालाच फोन करायला वर आले होते, अप्के. शुक्रवारी जेवायला या हं. आज सांडणी कापतोय."

"कुठली सांडणी?"

"ती तांबडी हो. तीन दिवस लंगडतेय, चाऱ्याला तोंड लावत नाही, मानेला गाठ आलीय. हे तिच्यापाशीच बसून असतात. आपोआप मेली तर मांस हराम व्हायचं. हे म्हणाले, जीव आहे तोवर सुरी फिरवू."

"उल्बोसिन, पळ! थांबव त्याला. हात लावू नको म्हणावं, तिला प्लेग असेल!"

ती धावली. टेकडी उतरली तसा फोन तुटला.

मी तालुक्याच्या डॉक्टरांना कळवलं. औषधं घेऊन गाडी लगेच निघाली, पण पोचायला पाच तास लागणार होते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग सामातचाच फोन आला. धापा टाकत होता, तरी हसत होता.

"उशीर केलास अप्के. कातडंसुद्धा उतरवून झालं. काय गं, उंदीर संपले म्हणून आता उंट मोजायला घेतलेस?"

"सामात, हाताला कुठे कापलंय?"

"अंगठ्याला जरा सुरी लागली. रक्त आलं, तोंडात घालून चोखलं. थांबलं लगेच."

मग मी त्याला सगळंच सांगितलं. नौरिझ, शून्यं, माझं ओरडणं. वेगळ्या तंबूत एकटा बस, पोरांना जवळ घेऊ नकोस, मांसाला कुणी शिवू नका, संध्याकाळपर्यंत डॉक्टर येतील.

"मग मला झालाय का?"

"माहीत नाही."

"अंदाज सांग की. सव्वीस वर्षं तेच करतेस ना? शंभरात किती?"

समोर पडद्यावर चौदा नंबरची ओळ उघडी होती. शून्यं पुसलेली, मोकळी.

"नाही रे सांगता येत," मी म्हटलं. "तिथे कुणी मोजलेलंच नाही."

त्याचा धापा टाकणारा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. टेकडी चढून आलाय म्हणून दम लागला असेल, असं मी मनाला सांगत होते. पण बोलायला लागून पाव तास होऊन गेला होता.