माझी हिरवी साय

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो, आणि आज मला माझ्याच पोटातल्या पाण्याची भीती वाटते.

राहू गावात धुरपदाबाईंच्या दारात मी वीस वर्षे पाणी सांभाळले. मग प्लास्टिकची टाकी आली आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. तिथे मांजरीने माझ्यात दोनदा पिल्ले घातली, एवढाच काय तो माझा मान!

मला परत घरात आणले ते त्यांच्या सुनेने, तेजश्रीने. वरच्या शहराची घाण नदीतून येते आणि झिरपून आमच्या विहिरीत उतरते. बचत गटात शिकून आलेल्या तेजश्रीने मला बुडाशी तोटी बसवली. तळाला खडी, वर बाभळीचा कुटलेला कोळसा आणि त्यावर बारीक वाळू भरली. तीन आठवड्यांनी वाळूवर हिरवट, बुळबुळीत साय धरली. माझी खरी कमाई तीच! पाण्यातले जंतू ती खायची, वास कोळसा धरायचा.

"आत्या, ही साय खरवडू नका बरं का. तीच तर पाणी निवळती," असे तेजश्रीने सासूला बजावले होते. वर्षभर तिच्या छोट्या पिंकीचे पोट एकदाही बिघडले नाही. शेजारच्या साळूबाई हंडा घेऊन आल्या की मी नुसता फुगायचो.

आमच्याकडे घट बसण्याआधी दसरा काढतात. घरातली गोधडी न गोधडी, भांडे न भांडे धुऊन निघते, आणि तेही नदीवरच. तेव्हा तेजश्री आजारी आईला बघायला मांडवगणला गेली होती.

"लेकीवानी राबती माझी सून. ती येईस्तवर समदं लख्ख करते," धुरपदाबाई म्हणाल्या. मग माझ्यात डोकावल्या. "अगं बया, ह्यात तर शेवाळ साचलंय!"

सुनेचे बजावणे त्या विसरल्या. पाट्या भरभरून माझी वाळू आणि कोळसा नदीवर गेला, सोड्याने घासला, त्याच काळ्या पाण्यात खळबळून परत आला. मी आतल्या आत ओरडत होतो. पण मातीची हाक ऐकतो कोण?

तोटीतून पाणी नितळच येत होते, हेच वाईट; त्यातले जंतू कुणाला दिसणार? धुरपदाबाईंनी पिंकीसाठी पेला भरला. मी जिवाच्या आकांताने पाणी धरून ठेवायला बघितले, मित्रांनो, पण तोटी माझी कुठे ऐकते? दुसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पोरीने डोळे फिरवले. तिच्या बापाने, भिमाजीने, तिला गाडीवर घालून दौंडला दवाखान्यात नेले. तेजश्री मांडवगणहून परस्पर तिकडे धावली.

आता सुनेचे बजावणे आठवून धुरपदाबाई माझ्यासमोर बसून हातांनी वाळू उपसत आहेत. "म्या माझ्या हातानं पाजलं रं तिला," म्हणतात आणि माझ्या काठावर कपाळ टेकतात.

इतक्यात फोन वाजला. "आत्या, पिंकी शुद्धीवर आली. उद्या घरी सोडत्यात." तेजश्रीचा आवाज मलाही ऐकू आला. मग तिने विचारले, "पर घरी तिला पाणी कुठलं पाजायचं?"

उद्या विकतच्या पाण्याचा जार आणतील, परवा उकळून देतील. पण रोजचे काय? माझी साय धरायला तीन आठवडे लागतात.

मित्रांनो, माझ्या सायीला घाण समजू नका, तिला जपा. पण अख्ख्या नदीची घाण एका रांजणाने किती दिवस पोटात घालायची? नदीत काही सोडण्याआधी एकदा पिंकीला आठवा. धुरपदाबाई एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने अजून वाळू उपसत आहेत, आणि तेजश्री पलीकडून उत्तराची वाट बघते आहे.