ग्लेनिस कार्टमेल मागे वळून पाहते

पिलिंग सरांनी दिलेल्या कागदावर सात प्रश्न होते. थ्रिलर चित्रपटाची सुरुवातीची दोन मिनिटं बनवायची आणि मग ती आपण कशी बनवली, काय जमलं, काय फसलं, यावर लिहायचं, असा त्या वर्षीचा मीडिया विषयाचा प्रकल्प होता. बहुतेक मुलांना फिल्म सोपी वाटायची आणि लिखाण जिवावर यायचं. कॉरिन हेस्केथनं मात्र पहिले तीन प्रश्न अर्ध्या तासात उरकले. चौथ्यापाशी ती अडली. ‘तुमच्या फिल्ममधला सर्वांत परिणामकारक क्षण कोणता, आणि तो तुम्ही कसा साधलात?’

क्षण कोणता, ते अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. कसा साधला, ते फक्त दोघांना.

ते घडलं तो डिसेंबरातला शुक्रवार होता. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडला त्या दिवसांत चार वाजले की उजेड काढता पाय घेतो. फिल्ममध्ये जिचा पाठलाग व्हायचा होता ती टॅमझिन ताप येऊन घरी झोपली होती, आणि कॉलेजचा कॅमेरा सोमवारी सकाळी परत करायचा होता. समुद्राच्या भिंतीजवळच्या काचेच्या निवाऱ्यात कॉरिन आणि डेल रिमर चिप्स खात बसले होते. डेल म्हणजे सव्वासहा फुटी, खांदे दरवाज्याएवढे, आणि स्वभाव असा की बसमध्ये धक्का दुसऱ्यानं मारला तरी माफी हा मागणार. पाठलाग करणारा माणूस तो होता. काळं जाकीट घालून, टोपी डोक्यावर ओढून तो तासभर थंडीत बसून होता.

तेवढ्यात पोहण्याच्या तलावाकडच्या पायऱ्या चढून एक बाई आली. सत्तरीच्या पुढची, अंगात फिकट रेनकोट, खांद्याला कापडी पिशवी. दोघांकडे न बघता ती भिंतीच्या कडेनं पुढे चालू लागली. समोर लांबलचक मोकळी वाट, एका अंगाला राखाडी समुद्र, आणि दिवे नुकतेच लागलेले. कॉरिननं कॅमेरा उचलला.

“तिच्या मागून चाल.”

“ओळखीची आहे तुझ्या?” डेलनं विचारलं.

“नाही. नुसतं चाल. ती हळू तर तू हळू, ती भरभर तर तू भरभर. तोंड दिसू देऊ नकोस.”

“आधी विचारूया ना तिला.”

“विचारलं की ती अभिनय करायला लागेल.”

डेल उठला. पहिल्यांदा तो फारच अंतर राखून चालत होता, म्हणून कॉरिननं हातानं खूण करून त्याला पुढे ढकललं. बाईला पावलं ऐकू आली असावीत. समुद्र बघायचा आहे असं दाखवत ती थांबली. काय करावं ते न सुचून डेलही थांबला. नेमकं तेच भयंकर दिसलं. मग तिनं मागे वळून पाहिलं, आणि कॉरिननं झूम करून तो चेहरा जवळ ओढून घेतला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बाई पळू लागली. पळण्याची सवय मोडलेलं माणूस पळतं तशी, एक हात भिंतीवर टेकत, आखूड पावलांनी. पिशवीचा बंद कठड्याच्या खिळ्यात अडकला. तिनं तो ओढला नाही, खांद्यातून हात सोडवून घेतला आणि पिशवी तिथेच टाकून गेली.

डेल वळला. त्यानं दोन्ही हात वर करून कॉरिनला विचारलं, हाक मारू का? कॉरिननं पंजा दाखवला. थांब. कॅमेरा चालू होता. बाई कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तो चालूच राहिला. हाक मारायला चार-पाच सेकंदही पुरले असते.

पिशवीत वाचनालयाचं पुस्तक, अर्धा पाव आणि टॉवेलात गुंडाळलेला ओला पोहण्याचा पोशाख होता. डेलनं ती उचलून कठड्याला नीट अडकवली. न्यायला येईल ती, असं कॉरिन म्हणाली.

सोमवारी तिनं तो तुकडा कापून बघितला. एकोणीस सेकंद. संगीत घालून पाहिलं, काढून टाकलं, नुसता वारा ठेवला. वर्गात फिल्म लागली तेव्हा मागच्या बाकावरची चुळबुळ थांबली. पिलिंग सरांनी त्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं आणि विचारलं, ही कोण? कॉरिननं सांगितलं, माझी मावशी. सर म्हणाले, तुझ्या मावशीला नाटकात काम करायला सांग. मग रीतीप्रमाणे काम करणाऱ्यांच्या संमतीचे कागद मागितले गेले. कॉरिननं घरी डाव्या हातानं मावशीची सही ठोकली. डेलनं तो कागद पाहिला आणि मान फिरवली. त्या दिवसापासून रस्त्यात पुढे एखादी बाई एकटी चालत असली की तो पलीकडच्या बाजूला जायचा. कॉरिनला ते दिसायचं. ती विचारायची नाही.

फेब्रुवारीत पालकांसाठी सगळ्या फिल्म दाखवायचं ठरलं. कॉलेजच्या सभागृहात चहा-बिस्किटं, घडीच्या खुर्च्या. कॉरिनची आई शीना दोन खुर्च्यांचं सलून चालवायची. ती दुकान लवकर बंद करून, हाताला केसांच्या रंगाचे डाग तसेच घेऊन आली होती. कॉरिनची फिल्म संपली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. कॉरिननं आईकडे पाहिलं. आईचे हात मांडीवर होते.

गाडीत बसल्यावर आईनं किल्ली फिरवली नाही.

“ती ग्लेनिस कार्टमेल आहे,” ती म्हणाली. “तिला विचारलं होतंस?”

कॉरिननं सीटचा पट्टा लावला.

“माझ्याकडे येते ती. वीस वर्षं, दर शुक्रवारी. डिसेंबरपासून येत नाही, कारण यायचं म्हणजे त्या भिंतीकडच्या वाटेनं यावं लागतं. आता मी तिच्या घरी जाते.”

पुढचं सगळं आईनं समोरच्या काचेकडे बघत सांगितलं. कुणीतरी धिप्पाड माणूस मागे लागला होता, असं ग्लेनिसनं घरी पोचताच पोलिसांना कळवलं. पोलीस आले, त्यांनी वाट धुंडाळली. पिशवी कठड्याला व्यवस्थित अडकवलेली, आत सगळं जिथल्या तिथे. लुटायला आलेला माणूस पिशवी अशी टांगून जातो का? प्रेस्टनला राहणारी मुलगी हेदर आली. तिनं आईला चार वेळा तेच तेच विचारलं, आणि चारही वेळा माणसाची उंची जरा वाढली, म्हणून तिला शंका आली. मग डॉक्टर, मग आज कुठला वार आणि शंभरातून सात वजा करा असल्या स्मरणशक्तीच्या परीक्षा. ग्लेनिस घाबरली आणि दोनदा चुकली. आता हेदर वृद्धाश्रम बघत होती. घरावर विक्रीची पाटी लागली होती.

“मीसुद्धा तिला म्हटलं,” आई म्हणाली. “केस विंचरत होते. म्हटलं, ग्लेनिस, कधी कधी भास होतात. तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं.”

एवढं बोलून आईनं गाडी सुरू केली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं कॉरिनला वाटलं. दोन-अडीच महिने तिनं स्वतःला समजावलं होतं की त्या बाईनं घरी जाऊन चहा केला असेल आणि विसरून गेली असेल.

शनिवारी सकाळी आई तिला ग्लेनिसच्या फाटकापर्यंत सोडायला गेली. पुढचं तुझं तू बोल, म्हणाली आणि मागे फिरली. कॉरिननं बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं. फटीतून दिसणाऱ्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत कॉरिननं एका दमात सांगून टाकलं, की तो माणूस म्हणजे माझ्या वर्गातला मुलगा होता, आम्ही फिल्म करत होतो, तुम्हाला विचारूया असं तो म्हणत होता, मी नको म्हटलं. आणि हाक मारू का असंही त्यानं विचारलं, तेव्हाही मीच थांबवलं.

मग दार लोटलं गेलं, साखळी निघाली, दार उघडलं.

“दाखव,” ग्लेनिस म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉरिननं लॅपटॉप उघडला. ग्लेनिसनं चष्मा लावून ते एकोणीस सेकंद तीनदा बघितले. तिसऱ्यांदा तिनं पडद्यावरच्या काळ्या पाठीवर बोट टेकवलं.

“म्हणजे होता,” ती म्हणाली. “होता कुणीतरी.”

“हो.”

“मी जवळजवळ कबूल करून टाकलं होतं, की माझंच डोकं फिरलंय. सगळे इतक्या प्रेमानं सांगत होते.” तिनं चष्मा काढला. “आणि मला वाटत होतं मी जोरात पळाले. मी तर चाललेच होते नुसती.”

ती उठून फोनकडे गेली आणि लेकीला म्हणाली, हेदर, आत्ताच्या आत्ता ये, नाही, पडले नाहीये, तू ये. हेदरला यायला तास लागला. तो तास दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसून होत्या. त्या घरात आलेल्या माणसाला चहा विचारला नाही, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. कॉरिननं अंगातला कोट काढला नाही. ओट्यावर वृद्धाश्रमाची रंगीत पत्रकं पडली होती. एकावर समुद्राकडे तोंड करून बसलेली हसरी म्हातारी होती.

हेदर आली, उभ्यानंच तिनं फिल्म बघितली आणि मग खुर्चीत बसली. ती कॉरिनला लागट काहीतरी बोलायला गेली, पण तिचं तोंडच वेडंवाकडं झालं. आईचा हात धरून ती म्हणाली, मला माफ कर. ग्लेनिसनं हात सोडवून घेतला नाही, पण त्या हातावर दुसरा हातही ठेवला नाही. घर विकायचं नाही, एवढंच ती बोलली.

कॉरिन निघताना म्हणाली की मला फार वाईट वाटतंय, तुम्हाला हवं तेव्हा मी तुमच्याबरोबर त्या वाटेनं चालायला येईन.

“तुला वाईट वाटतंय ते दिसतंय मला,” ग्लेनिस म्हणाली. “ते घेऊन मी काय करू, पोरी? ते तुझं तुझ्याकडे ठेव.” मग दारात तिला थांबवून म्हणाली, “त्या फिल्मची एक प्रत मला दे. बाकीच्या पुसून टाक. पुन्हा कुणी मला भास झाला म्हणालं तर दाखवायला हवी.”

सोमवारी कॉरिन पिलिंग सरांच्या खोलीत गेली आणि तिनं सगळं सांगितलं. खोटी सही म्हटल्यावर सरांनाही वरपर्यंत कळवावं लागलं. फिल्मचे गुण गेले, लिखाणाचे तेवढे राहिले. सर चिडले नाहीत. टेबलावरचा टोपण नसलेला पेन इकडून तिकडे सरकवत म्हणाले, “बघताक्षणी मला कळायला हवं होतं. असा चेहरा सतरा वर्षांच्या मुलांच्या फिल्ममध्ये येत नसतो. मला आवडला, म्हणून मी पुढे विचारलं नाही.”

त्या संध्याकाळी तिनं चौथं उत्तर लिहिलं. पाच ओळींचं. सर्वांत परिणामकारक क्षण एका बाईचा होता, तो आम्ही साधलेला नाही, घेतला. ती बाई अभिनय करत नव्हती हे मला दिसत होतं, म्हणूनच मी कॅमेरा बंद केला नाही. यानंतर कॅमेऱ्याच्या कोनाबद्दल, आवाजाबद्दल, उजेडाबद्दल काही लिहिण्यासारखं तिला सुचलं नाही.

डेलनं आपणहून ग्लेनिसला पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं, शिवाय रविवारी चहाचं बोलावणं. तो गेला, दारातून वाकून आत शिरला, आणि ग्लेनिस त्याच्याकडे मान वर करून बघत म्हणाली म्हणे, की उंची मी बरोबरच सांगितली होती. हे डेलनं कॉरिनला हसत हसत सांगितलं. त्याला बोलावलं, आपल्याला नाही, यात अन्याय काहीच नव्हता हे तिला कळत होतं. तरी ते लागायचं राहिलं नाही.

ग्लेनिस पुन्हा पोहायला जाऊ लागली, पण बसनं. चालत जाण्याची वाट तिनं सोडली ती सोडलीच. मे महिन्यात ती शुक्रवारी सलूनमध्येही यायला लागली. कॉरिन सुट्टीत आईला मदत करायची, पण शुक्रवारी साडेतीन वाजले की काही ना काही निमित्त काढून बाहेर पडायची. आई तिला अडवायची नाही.

जूनमधल्या एका शुक्रवारी आई एका गिऱ्हाइकाचे केस रंगवण्यात अडकली होती आणि ग्लेनिस वेळेच्या आधी आली. बाहेर पडायला सवड मिळालीच नाही. ग्लेनिस केस धुण्याच्या खुर्चीत बसली आणि तिनं मान मागे टेकवली. आईनं डोळ्यांनीच कॉरिनला खुणावलं, तू धू. कॉरिन टॉवेल घेऊन गेली. केस धुवायचे तर खुर्चीच्या मागे उभं राहावं लागतं. ती दोन पावलं अलीकडेच थांबली.

“मिसेस कार्टमेल, मी आहे, कॉरिन. मी तुमच्या मागे येऊ का?”

ग्लेनिसनं मान उचलली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडा विचार करून ती म्हणाली, “नको. शीना मोकळी होईपर्यंत थांबते मी.”

“बरं,” कॉरिन म्हणाली.

बाहेर पडावंसं फार वाटत होतं, पण दार ग्लेनिसच्या पाठीमागे होतं आणि तिकडे जायचं म्हणजे तिच्या मागून जायचं. कॉरिन पुढच्या खिडकीपाशी, ग्लेनिसला सरळ दिसेल अशा जागी जाऊन उभी राहिली आणि टोपलीतल्या टॉवेलांच्या एकेक करून घड्या घालू लागली.